दलदलीचा वृक्ष आणि त्याचा पोपट

मार्क केट्सबी या इंग्रज निसर्गवेत्त्याने कॅरोलायना, फ्लोरिडा आणि बहामा बेटे या मुलखांचा जो सचित्र निसर्गेतिहास दोन खंडांत प्रसिद्ध केला, त्याच्या पहिल्या खंडातील अकरावे मुद्राचित्र पाहताना दृष्टी प्रथम पोपटावर स्थिरावते. अंग हिरवे, मस्तक आणि मान पिवळी, चोचीजवळच्या भागावर नारिंगी छटा, असा तो पक्षी कोऱ्या कागदावर एका फांदीचा आधार घेऊन बसला आहे. ही फांदी केवळ शोभेसाठी काढलेली नाही. पिसासारखी दुतर्फा विभागलेली तिची बारीक पाने आणि तिला लागलेली गोल, खवलेदार फळे पाहिली, की उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागातील दलदलींत पाण्यात बुंधा रोवून शतकानुशतके उभ्या राहणाऱ्या सायप्रस वृक्षाची ती फांदी आहे हे जाणत्याला तत्काळ कळते. त्या वृक्षाच्या उंच फांद्यांत हा पोपट घरटे करतो आणि ऑक्टोबरात त्याचे बी पिकले म्हणजे त्यावर निर्वाह करतो, असे केट्सबीने चित्रासोबतच्या मजकुरात नमूद करून ठेवले आहे. पक्षी आणि त्याला आश्रय व अन्न देणारा वृक्ष यांना एकाच तांब्याच्या पत्र्यावर कोरावे ही कल्पना आज इतकी स्वाभाविक वाटते, की ती कोणाला तरी कधीतरी प्रथम सुचली असेल याचे भानही आपल्याला राहत नाही.

केट्सबीच्या आधीच्या काळात पक्ष्यांची पुस्तके वेगळी आणि वनस्पतींची वेगळी, असा रिवाज होता. इ. स. १६७८ या एकाच वर्षी युरोपात दोन थोर ग्रंथ बाहेर पडले, त्यांवरून ही गोष्ट स्पष्ट दिसते. लंडनमध्ये जॉन रे याने आपला दिवंगत मित्र फ्रान्सिस विलबी याच्या पक्षिशास्त्राची इंग्रजी आवृत्ती काढली. तिच्यात एकेका पानावर अनेक पक्षी दाटीने मांडलेले आहेत, परंतु ते राहतात कोठे आणि खातात काय याचा चित्रांतून सुगावा लागत नाही. त्याच साली ॲम्स्टरडॅममध्ये ‘होर्टुस मालाबारिकुस’ या बारा खंडांच्या महाग्रंथाचा पहिला खंड निघाला. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे याने तो सिद्ध केला खरा, परंतु त्यातील ज्ञान मलबारातील वैद्यांचे होते. इट्टी अच्युतन या वैद्याप्रमाणेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांचाही त्यात मोठा वाटा होता. त्यांनी १६७५ साली कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत लिहून दिलेली कैफियत त्या ग्रंथात जशीच्या तशी कोरून छापलेली आहे, आणि वनस्पतींच्या चित्रांवरही त्यांची नावे नागरीत घातलेली आढळतात. मलबारच्या खाड्यांतील कांदळ, तिवर आणि त्यांचे सगेसोयरे वृक्ष या ग्रंथात पानाफुलांसह आणि शेंगांसह कोरले गेले. तरीही त्या फांद्यांवर खंड्या बसलेला नाही आणि मुळांशी खेकडा दिसत नाही. वनस्पतीचा औषधी उपयोग हा त्या ग्रंथाचा मुख्य हेतू असल्यामुळे तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची विचारपूस करण्याचे त्याला प्रयोजनही नव्हते.

एक पूर्वसूरी मात्र होती, आणि तिचा उल्लेख टाळला तर अन्याय होईल. मारिया सिबिला मेरियन हिने दक्षिण अमेरिकेतील सुरिनामचा प्रवास करून १७०५ साली कीटकांच्या रूपांतरांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात प्रत्येक अळी, कोश व फुलपाखरू यांना त्यांच्या वनस्पतीवरच दाखविले. कीटकांच्या बाबतीत तिने जे केले, ते पक्ष्यांच्या बाबतीत एवढ्या सातत्याने आणि हेतुपूर्वक करण्याचे श्रेय केट्सबीकडे जाते.

केट्सबीचा जन्म इ. स. १६८३ मधला, इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातला. त्याची बहीण व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे राहत असे. तिचा पती विल्यम कॉक हा वैद्य असून त्या वसाहतीच्या दरबारी कामकाजातही वजन राखून होता. त्या आप्तसंबंधाच्या आधाराने १७१२ साली केट्सबी अमेरिकेत गेला आणि सात वर्षे तेथे राहिला. या पहिल्या मुक्कामात हातून फारसे काही घडले नाही, अशी खंत त्याने पुढे व्यक्त केली आहे; परंतु त्याने धाडलेली बियाणी आणि वाळविलेल्या वनस्पती लंडनच्या जाणकारांच्या नजरेस आल्या होत्या. त्यांच्यापैकी वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम शेरर्ड आणि राजवैद्य सर हॅन्स स्लोन यांनी त्याच्या दुसऱ्या प्रवासाची तजवीज केली. दक्षिण कॅरोलायनाचा नवा गव्हर्नर फ्रान्सिस निकोलसन याने वर्षाला वीस पौंडांचा तनखा देऊ केला, आणि १७२२ च्या मे महिन्यात केट्सबी चार्ल्सटन बंदरात उतरला.

या प्रवासात त्याने आपली पेटी वाहण्यासाठी एक आदिवासी सोबती ठेवला होता. कागद, चित्रकलेचे साहित्य, वाळलेल्या वनस्पती आणि बियाणी असा त्या पेटीतला ऐवज. आदिवासींच्या आतिथ्यामुळे आणि साहाय्यामुळे आपले किती काम सुकर झाले, हे त्याने प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले आहे. प्रथम समुद्रालगतच्या सखल वस्त्यांत आणि नंतर सव्हाना नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या फोर्ट मूरकडे त्याची भ्रमंती चालली. एकाच स्थळी निरनिराळ्या ऋतूंत जावे, म्हणजे जे एकदा दिसले नाही ते दुसऱ्या खेपेस दिसेल, ही त्याची पद्धत होती. वनस्पती खुडल्याबरोबर ताज्या असताना आणि पक्षी, काही थोडे वगळता, जिवंत असताना रंगविले असे तो लिहितो. मासे पाण्याबाहेर काढताच त्यांचे रंग उतरू लागतात, म्हणून एकेका जातीसाठी त्याने एकामागून एक ताजे मासे समोर ठेवून चित्र पुरे केले. निरीक्षणातला हा प्रामाणिकपणा मला त्याच्या कलेहूनही मोलाचा वाटतो.

ज्या दलदलीत तो हिंडला तिचे स्वरूप वाचकाने क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. कॅरोलायनाचा किनारी प्रदेश इतका सपाट आहे, की पावसाळी पाण्याला समुद्राकडे धावण्याची घाई नसते. मंद नद्या काठ ओलांडून रानात शिरतात आणि महिनोन्‌महिने तेथेच मुक्काम करतात. अशा उभ्या पाण्यात बहुतेक झाडे गुदमरून मरतात, परंतु सायप्रस आणि ट्युपेलो हे दोन वृक्ष तेथेच वैभवास चढतात. केट्सबीच्या नोंदीप्रमाणे काही सायप्रसांचा जमिनीलगतचा घेर तीस फूट भरे. सहा फुटांच्या उंचीपर्यंत तो बुंधा पिरॅमिडसारखा झपाट्याने निमुळता होई, आणि तेथून साठसत्तर फूट एकही फांदी नसलेले खोड सरळ वर जाई. वृक्षाच्या सभोवती मुळांतून निघालेले, तांबूस गुळगुळीत सालीचे, गोल माथ्याचे खुंट एकापासून चार फुटांपर्यंत उंच उठलेले त्याने पाहिले. त्यांना पान नाही की फांदी नाही. आजही तिकडचे लोक त्यांना सायप्रसचे गुडघे म्हणतात. आपल्या कोकणच्या खाड्यांत तिवराची श्वसनमुळे जशी चिखलातून वर डोकावतात, तशाच या रचना दिसतात. मात्र तिवराच्या मुळांचे कार्य निश्चित ठाऊक असताना सायप्रसच्या गुडघ्यांचे नेमके प्रयोजन काय, याविषयी शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. हे वृक्ष दीर्घायुषी तर इतके, की उत्तर कॅरोलायनातील ब्लॅक नदीकाठच्या एका सायप्रसचे वय त्याच्या खोडातील वलयांवरून दोन हजार सहाशे वर्षांहून अधिक असल्याचे २०१९ साली जाहीर झाले. बुद्धाच्या जन्मापूर्वी रुजलेला तो वृक्ष केट्सबीच्या काळीही पुराणपुरुषच होता. हा वृक्ष पाण्यात उभा असल्यामुळे पुष्कळ पक्ष्यांना सुरक्षित वाटतो आणि म्हणून ते त्याच्या उंच फांद्यांवर वस्ती करतात, हे केट्सबीचे म्हणणे म्हणजे एका दलदलीच्या अरण्याची सबंध व्यवस्था एका वाक्यात सांगणे होय.

१७२६ साली तो लंडनला परतला तेव्हा त्याच्याजवळ चित्रांचा मोठा संग्रह होता, द्रव्य मात्र नव्हते. उत्तम कोरीवकाम पॅरिस किंवा ॲम्स्टरडॅम येथे होई, आणि त्याचा खर्च त्याच्या आवाक्यापलीकडचा होता. तेव्हा वयाची चाळिशी उलटलेल्या या गृहस्थाने जोसेफ गूपी या चित्रकाराकडून तांब्यावर आम्लाने कोरण्याची विद्या शिकून घेतली आणि पत्रे स्वतः कोरण्यास आरंभ केला. या विद्येत तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा लेप देतात, सुईने त्या लेपातून रेषा ओढतात आणि पत्रा आम्लात बुडवितात. जेथे लेप निघाला असेल तेथे आम्ल तांबे खाते आणि रेषा खोल होते. पुढे त्या खाचांत शाई भरून ओलसर कागद दाबयंत्राखाली दाबला की प्रतिमा उमटते, आणि मग एकेक प्रत हाताने रंगवावी लागते. धंदेवाईक कोरक्यांची आडव्या-उभ्या रेषांची जाळी घालून छाया दाखविण्याची रीत त्याने जाणूनबुजून सोडली आणि पिसांच्या वळणाबरोबर रेषा फिरविली. यात श्रम अधिक पडले तरी पक्षी अधिक खरा उतरला, हा त्याचा अभिप्राय आज त्या प्रती पाहताना पटतो. गरिबीने त्याला कोरक्या बनविले, आणि त्यामुळेच रानात पाहणारा डोळा व पत्र्यावर चालणारा हात हे एकाच माणसाचे राहिले.

वीस चित्रांचा एकेक भाग दोन गिनींना, या कराराने वर्गणीदार मिळवून १७२९ साली पहिला भाग निघाला. दुसरा खंड १७४३ मध्ये पूर्ण झाला आणि १७४७ साली पुरवणी निघाली, तेव्हा एकंदर चित्रांची संख्या २२० भरली. त्यांतली थोडी गेऑर्ग एहरेट या नामांकित वनस्पतिचित्रकाराच्या हातची आहेत. मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत शेजारी शेजारी छापलेला. पीटर कॉलिन्सन या क्वेकर पंथीय व्यापाऱ्याने बिनव्याजी कर्ज दिले नसते, तर हे काम अर्ध्यावर सोडून द्यावे लागले असते. १७३३ साली रॉयल सोसायटीने केट्सबीला सभासद करून घेतले, आणि ग्रंथ संपल्यावर दोनच वर्षांनी, १७४९ च्या डिसेंबरात, तो वारला.

पक्षी आणि वनस्पती यांची जोडी आपण का घातली, याचा खुलासा त्याने स्वतः केला आहे. ज्या वनस्पतींवर पक्षी जगतात किंवा ज्यांच्याशी त्यांचा काही संबंध असतो, त्या वनस्पतींसह त्यांना शक्य तेथे दाखविले, असे तो म्हणतो. ‘शक्य तेथे’ ही मर्यादा त्याने प्रामाणिकपणे पाळली, कारण प्रत्येक ठिकाणी ही जोडी जमलेली नाही. उभ्या रोहितपक्ष्यामागे त्याने समुद्रातील एका शाखायुक्त प्रवाळजातीचा सांगाडा झाडासारखा उभा केला आहे. चित्र म्हणून तो प्रकार विलक्षण आकर्षक आहे, पण निसर्गात त्या दोघांची गाठ अशी पडत नाही.

याउलट चौदाव्या चित्रात ही जोडी पूर्ण साधली आहे. भाताच्या लोंबीवर बसलेले एक छोटे पाखरू त्यात आहे. सप्टेंबरात भात पिकू लागले, की या पाखरांचे असंख्य थवे कॅरोलायनात उतरतात आणि पिकाची नासधूस करतात, अशी नोंद त्याने केली. बहामातील अँड्रॉस बेटाजवळ एका गलबताच्या डेकवर पडला असता सलग तीन रात्री हे पक्षी डोक्यावरून जाताना त्याला ऐकू आले, आणि क्यूबातून ते उत्तरेकडे कॅरोलायनाच्या भातावर जात आहेत असा तर्क त्याने बांधला. तर्काची दिशा चुकली होती. हे पक्षी शरद ऋतूत उत्तरेकडून निघून दक्षिण अमेरिकेत जातात आणि कॅरोलायनातील भात त्यांना वाटेत सापडे. पण रात्रीच्या आकाशातून पक्षी स्थलांतर करतात हे त्याने स्वतःच्या कानांनी निश्चित केले होते, आणि १७४७ साली रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या प्रवासी पक्ष्यांविषयीच्या निबंधात या विषयाचा ऊहापोह केला. त्या काळी पक्षी हिवाळ्यात चिखलात किंवा पाण्याखाली झोपून राहतात असे मानणारे विद्वान कमी नव्हते.

हे भात मात्र पूर्वी तेथे नव्हते. सायप्रस आणि ट्युपेलो तोडून, बांध घालून, चर खणून दलदलीची खाचरे केली गेली, आणि ते कष्ट आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या माथी मारले गेले. केट्सबीच्या ग्रंथातील एक नोंद या संदर्भात मला फार महत्त्वाची वाटते. स्टोनो नावाच्या ठिकाणी जमिनीतून एका प्रचंड प्राण्याचे तीनचार दात निघाले, आणि ते ज्यांनी पाहिले त्या आफ्रिकेत जन्मलेल्या सर्व गुलामांनी एकमुखाने सांगितले की या हत्तीच्या दाढा आहेत. अमेरिकेत हत्ती नसताना असे कसे, हा विचार विद्वानांना पुढे दीर्घकाळ पडला. परंतु ज्यांनी आपल्या देशात हत्ती पाहिले होते त्यांची साक्ष बरोबर ठरली, कारण ते अवशेष हत्तीच्याच कुळातील लुप्त प्राण्याचे होते. ज्यांचे नावही दप्तरात नाही अशा माणसांची साक्ष केट्सबीने ग्राह्य धरून छापली, ही गोष्ट त्याच्या पक्षी पाहण्याच्या वृत्तीशी सुसंगत आहे.

स्वीडनचा लिनियस याने जेव्हा साऱ्या सजीवांची नामावली रचली, तेव्हा अमेरिकेतील पक्ष्यांसाठी केट्सबीची चित्रे त्याला आधारभूत ठरली. त्याच लिनियसने ‘होर्टुस मालाबारिकुस’मधील चित्रांवरून मलबारच्या खाडीतील एका कांदळाला ऱ्हायझोफोरा कँडेल हे नाव दिले, म्हणजे कोचीनच्या वैद्यांचे आणि कॅरोलायनातील भटक्याचे काम एकाच टेबलावर येऊन पडले. परंतु नामकरणाच्या पद्धतीने अकरावे चित्र दुभंगले. त्यातील वृक्ष १७५३ साली वनस्पतींच्या ग्रंथात सरूच्या कुळात कुप्रेसुस डिस्टिका म्हणून दाखल झाला, आणि पोपट १७५८ साली प्राण्यांच्या ग्रंथात सिट्टॅकुस कॅरोलिनेन्सिस म्हणून. शास्त्राला ही विभागणी आवश्यक होती, याबद्दल मला शंका नाही. मात्र पोपटाचा वृक्षाशी असलेला व्यवहार दोन्ही ग्रंथांच्या चौकटीबाहेर पडला, आणि त्याची नोंद केट्सबीच्या पानावरच राहिली.

त्या पानावरच्या मजकुरात दोघांच्या नाशाचे कारणही लिहिलेले सापडते. सायप्रसचे लाकूड हलके, सरळ धाग्याचे, ऊनपावसाला दाद न देणारे, आणि घरांच्या छपरांना अत्युत्तम, असे केट्सबी म्हणतो. पोपटाविषयी तो सांगतो की शरद ऋतूत त्यांचे थवे सफरचंदांच्या बागांवर येतात आणि केवळ आतल्या बियांसाठी फळांचा विध्वंस करतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, यादवी युद्धानंतर, दक्षिणेतील रानांची सरकारी जमीन मोठ्या व्यापाऱ्यांना खरेदीस मोकळी झाली, आणि उत्तरेतील लाकूडकंपन्या वाफेची यंत्रे, गलबते आणि रूळ घेऊन दलदलीत शिरल्या. ओला सायप्रस पाण्यात बुडतो, म्हणून तोडीआधी काही महिने बुंध्याभोवती साल व लाकूड कापून वृक्ष उभ्याउभ्या वाळवीत आणि मग पाडून तरंगत बाहेर नेत. हजार-पंधराशे वर्षांच्या वृक्षांच्या फळ्या, पिंपे आणि छपरांच्या ढलप्या झाल्या, आणि १९३० च्या सुमारास जुन्या सायप्रसांची बहुतेक सर्व अरण्ये संपली होती.

पोपट त्याआधीच गेला. बागवाल्यांच्या बंदुकीने एक पक्षी पडला, की थवा पळून न जाता जखमी सोबत्याभोवती ओरडत घिरट्या घाली, आणि त्यामुळे एकाच जागी उभे राहून सबंध थवा मारता येई. टोप्यांवर लावण्याच्या पिसांचा आणि पिंजऱ्यांचा व्यापार होताच. त्यातच पोकळ खोडांची निवाऱ्याची झाडे तुटली. सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात २१ फेब्रुवारी १९१८ रोजी या जातीचा अखेरचा ज्ञात पक्षी मेला. त्याच संग्रहालयात सुमारे साडेतीन वर्षे आधी प्रवासी पारव्याच्या जातीतला शेवटचा पक्षी मेला होता. त्या पारव्याचेही चित्र केट्सबीने कोरलेले आहे. हस्तिदंती चोचीचा थोर सुतारपक्षी तिसरा. त्याच्या चोचींचा मुकुट करण्यासाठी उत्तरेतले आदिवासी एकेका चोचीला दोन-तीन हरणांची कातडी मोजत, असे केट्सबी लिहितो. या पक्ष्याचे सर्वमान्य असे अखेरचे दर्शन १९४४ साली लुइझियानात झाले. तेथले जुने अरण्य त्या वेळी तोडले जात होते. डॉन एकेलबेरी या चित्रकाराने उरलेल्या एकाकी मादीचा शोध घेऊन तिची रेखाटने केली. म्हणजे या पक्ष्याच्या पहिल्या मोठ्या मुद्राचित्रामागे एक चित्रकार होता, आणि त्याच्या शेवटच्या निर्विवाद दर्शनाचा साक्षीही चित्रकारच होता.

केट्सबीची मूळ जलरंगचित्रे १७६८ साली राजे तिसरे जॉर्ज यांनी विकत घेतली; ती विंडसरच्या राजसंग्रहात सुरक्षित आहेत. छापील ग्रंथाच्या प्रतींना एवढे भाग्य सर्वत्र लाभले नाही. अनेक प्रती बांधणीतून सोडवून एकेक चित्र वेगळे विकले गेले आणि चौकटीत बसून घराघरांच्या भिंतींवर लागले. त्या रीतीने चित्रांचा प्रसार झाला हे खरे, परंतु समोरच्या पानावरचा द्विभाषी मजकूर मागे राहिल्यामुळे विकत घेणाऱ्याला हिरवापिवळा पोपट आणि एक नाजूक फांदी एवढेच मिळाले. म्हणून हे चित्र ज्याच्याजवळ असेल त्याने त्यासोबतचे पान शोधून वाचावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

दक्षिण कॅरोलायनात फोर होल्स नावाची एक दलदल आहे. केट्सबी ज्या मुलखात हिंडला त्याच मुलखातली. फ्रान्सिस बाइडलर या लाकूडव्यापाऱ्याने ती विकत घेतली, परंतु तिच्या एका भागातील सायप्रस आणि ट्युपेलो कधी तोडले गेले नाहीत. १९७० नंतरच्या दशकात ऑडुबॉन संस्थेने आणि दुसऱ्या एका निसर्गरक्षक संस्थेने तो भाग राखीव केला, आणि आता लाकडी पायवाटेवरून त्यात शिरता येते. तेथील काही सायप्रस आता हजारी ओलांडून गेलेले आहेत. ऑक्टोबरात त्यांची फळे अजूनही फुटतात. बी पाण्यावर पडते, वाहत जाते, आणि जेथे चिखल उघडा पडतो तेथे रुजते.